ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टिकेल असे ओव्हरक्लॉकिंग

प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगविषयी, म्हणजे तो उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवण्याविषयी, इंटरनेटवर जे मार्गदर्शन मिळते, त्यात खोलीचे तापमान बहुधा वीस-बावीस अंश गृहीत धरलेले असते. ग्वाल्हेरमध्ये मे-जून महिन्यांत बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शहराच्या लष्कर नावाच्या भागातील एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर, दिवसभर छत तापणाऱ्या खोलीत, दुपारी ३८ ते ४० अंश तापमान असणे मुळीच नवलाचे नाही. त्याच खोलीत तानसेन समारोहाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरात, सकाळी १५ अंशांच्या आसपास थंडी असते. एकाच संगणकाला वर्षभरात सोसाव्या लागणाऱ्या या २५ अंशांच्या फरकाकडे दुर्लक्ष केले, तर जानेवारीत उत्तम चालणारी रचना नौतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू होताच कोलमडते. म्हणून येथे वेगाचा आकडा आधी ठरवून मग थंडाव्याची सोय शोधलेली नाही. आधी उष्णतेचा हिशेब मांडून त्यात बसेल तेवढाच वेग घ्यावा, असा क्रम ठेवला आहे.

हिशेबाचे मूळ सोपे आहे. हवेने किंवा पाण्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीही जाऊ शकत नाही. ठरावीक भाराखाली तो खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक तापतो. हा फरक जवळजवळ स्थिर राहतो. १८ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ५७ अंशांनी तापला आहे, आणि ४० अंशांच्या खोलीत तो ९७ वर जाऊ पाहील. प्रत्यक्षात थोडा अधिकच, कारण सिलिकॉन जितके तापते तितकी त्यातील विजेची गळती वाढते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सची ९५ आहे, तर रायझन ७ ५८००एक्सची ९०. या मर्यादेला पोहोचताच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. ओव्हरक्लॉकिंग करून मिळवलेले सारे तेथेच वाया जाते.

माझ्या मते ग्वाल्हेरसाठी पूर्ण भारावरील तापमानाचे लक्ष्य ८५ अंश असावे आणि खोलीचे तापमान ४० अंश धरावे. म्हणजे प्रोसेसरला ४५ अंशांचा वाव उरतो. हा आकडा एकदा मनात ठसला की कोणत्याही ऋतूत चाचणी घेता येते: थंडीत खोली १८ अंशांवर असताना पूर्ण भारावर ६३ अंशांच्या वर जाणारी रचना उन्हाळ्यात नापास होणार, हे डिसेंबरातच कळते. रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मात्र पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. थंडावा वाढवला तर ते तापमान खाली न आणता वेग वाढवतात, म्हणून त्यांच्याबाबतीत अंश न मोजता त्या तापमानाला टिकणारा वेग आणि वॅट मोजावेत.

आपला प्रोसेसर मुळात यासाठी मोकळा आहे की नाही, हे आधी पाहावे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांचा गुणक, म्हणजे पायाभूत घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा, बदलता येतो, आणि तोही झेड६९० किंवा झेड७९० अशा झेड मालिकेच्या मदरबोर्डावरच. बी७६० वर के-प्रोसेसर बसवला तरी गुणकाला हात लावता येत नाही. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर मोकळे असतात, मात्र त्यांना बी४५०, बी५५०, बी६५० किंवा एक्स मालिकेचा मदरबोर्ड लागतो; ए३२० किंवा ए५२० वर काम होत नाही. ५८००एक्स३डी हा अपवाद आहे, त्याचा गुणक बंद ठेवलेला आहे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत बसत नाही, हेही येथेच लक्षात घ्यावे.

व्होल्टेजची किंमत

प्रोसेसर खर्च करतो ती वीज वारंवारतेच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. एक उदाहरण मांडून पाहू. समजा, प्रोसेसर ४.६ गिगाहर्ट्झवर १.२५ व्होल्ट घेत होता आणि ४.८ गिगाहर्ट्झसाठी त्याला १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला सुमारे ४ टक्के. व्होल्टेज वाढले ८ टक्के, त्याचा वर्ग केला की १७ टक्के, आणि वेगाचा भाग जोडला की एकूण वीज सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ज्या शहरात पंख्याखाली बसूनही घाम येतो, तेथे चार टक्क्यांसाठी बावीस टक्के मोजावेत का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए सारखा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालवून दीडपट वेग मिळवण्याचे दिवस गेले. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या सीमेच्या जवळ चालत येतात.

यावरून दुसरा मार्ग सुचतो, आणि तो मला येथल्या हवेसाठी अधिक योग्य वाटतो. बहुतेक प्रोसेसरांना उत्पादक गरजेपेक्षा थोडे अधिक व्होल्टेज देतो, कारण त्याला एकाच साच्यातील सर्वांत कच्चा नगही सांभाळायचा असतो. हे जास्तीचे व्होल्टेज काढून घेतले, तर त्याच वेगाला उष्णता कमी होते, आणि वाचलेल्या उष्णतेत प्रोसेसर स्वतःच थोडा वेग वाढवतो. एएमडीच्या प्रोसेसरांसाठी असलेली कर्व्ह ऑप्टिमायझर ही सोय नेमके हेच करते.

आधी कूलर आणि कॅबिनेट

बायोसमध्ये, म्हणजे वेग आणि व्होल्टेज बदलता येणाऱ्या मदरबोर्डाच्या मूळ प्रोग्राममध्ये, शिरण्यापूर्वी यंत्रसामग्री नीट बसवावी, कारण नंतरची प्रत्येक मोजणी तिच्यावर अवलंबून आहे. ६५ ते १०५ वॅटच्या प्रोसेसरला १२० मिलिमीटर पंख्याचा, चार किंवा अधिक उष्णतावाहक नळ्यांचा टॉवर कूलर पुरतो. आय७-१३७००के सारखा प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत जातो. त्याला दोन पंख्यांचा मोठा टॉवर किंवा २४० ते ३६० मिलिमीटर रेडिएटरची पाण्याची रचना लागते. पाण्याची रचना बसवताना पंप हा संपूर्ण वळशातील सर्वांत उंच बिंदू होऊ देऊ नये. आतली थोडी हवा वर जाऊन साठते. ती रेडिएटरच्या टाकीत राहिली तर बिघडत नाही, पंपात शिरली तर आवाज होतो आणि पंपाचे आयुष्य घटते. घरी दुरुस्तीची सोय आणि धूळ या दोन्ही दृष्टींनी मी ग्वाल्हेरमध्ये टॉवर कूलरलाच कौल देईन: त्यात बिघडण्यासारखा एक पंखाच असतो आणि तो कोठेही मिळतो.

जुना कूलर काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटे भारावर चालवून, बंद करून आणि वीजतार काढून घ्यावा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली वाळलेली उष्णतावाहक पेस्ट गरम असताना मऊ होते. एएमडीच्या एएम४ सॉकेटात बसणाऱ्या प्रोसेसरांच्या पिना खालच्या बाजूस असतात आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येण्याची भीती असते, म्हणून कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसावी. नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मध्यभागी पुरतो. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे प्रोसेसर लांबट असतात, त्यांवर लांबीच्या दिशेने रेघ काढली तर कडा कोरड्या राहत नाहीत. स्क्रू समोरासमोरचे, प्रत्येकी थोडे-थोडे, आवळावेत. कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लॅस्टिकची झिल्ली काढली आहे ना, हे पाहावे. द्रवधातूची पेस्ट टाळावी: त्यातील गॅलियम ॲल्युमिनियम खातो आणि एक थेंब मदरबोर्डावर सांडला तर वीज भलतीकडे वाहते.

कॅबिनेटची रचना येथे धुळीच्या दृष्टीने करावी लागते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, चालू झाली की बारीक मातीचा थर बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतो. म्हणून समोरून हवा आत ओढणारे दोन पंखे जाळीसह आणि मागून बाहेर टाकणारा एकच पंखा, अशी मांडणी करावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ फटींमधून न शिरता जाळीवर अडकते. समोर काचेचा बंद दर्शनी भाग असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असली तरी त्यांत हवा गुदमरते. जाळीदार दर्शनी भागाचे साधे कॅबिनेट घ्यावे. धूळ येऊ नये म्हणून समोर कापड किंवा साडीचा तुकडा लावण्याची रीत अनेक घरांत दिसते, तीही सोडावी.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण ग्वाल्हेरच्या बहुतेक घरांत एसीपेक्षा तोच अधिक चालतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान खरोखर बरेच खाली आणतो आणि त्याचा लाभ संगणकालाही होतो. दमट हवेने आत पाणी साचेल, ही भीती निराधार आहे: पाणी थंड पृष्ठभागावर जमते आणि संगणकाचा प्रत्येक चालू भाग खोलीपेक्षा गरमच असतो. धोका थेंबांचा आहे. कूलरच्या झोतातून उडणारे सूक्ष्म थेंब बोअरच्या पाण्यातील क्षार सोबत नेतात, आणि ओलसर हवेत धूळ कूलरच्या पात्यांवर चिखलासारखी बसते. म्हणून कॅबिनेट झोताच्या रेषेत ठेवू नये आणि हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावी. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाऊस सुरू होऊन हवेतील दमटपणा वाढला की पाण्याचा कूलर जवळपास निकामी होतो. तेव्हा जो संगणक मे महिन्यात कूलरच्या खोलीत ३१ अंशांवर सुखाने चालला, त्याला जुलैच्या उमसत्या दुपारी ३५ अंश सोसावे लागू शकतात. अशा घरात सर्वांत कठीण परीक्षा नौतपाची नसून पावसाळ्यातल्या उघडिपीची असते. लक्ष्याचा हिशेब करताना आपल्या खोलीतील खरा सर्वाधिक आकडा घ्यावा. साधा खोलीचा तापमापक कॅबिनेटच्या समोर, हवा आत जाते त्या जाळीजवळ ठेवून तो मोजावा.

विजेकडेही लक्ष द्यावे. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरते असते. ते वायरमनकडून तपासून घ्यावे. बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करावे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे के-प्रोसेसर असलेल्यांनी हे काम टाळूच नये: या प्रोसेसरांना गरजेहून अधिक व्होल्टेज मागितले जाऊन ते कायमचे अस्थिर होत असल्याचे उघड झाल्यावर इंटेलने २०२४ मध्ये त्यावर सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला सूचनासंच, दिले, आणि ते बायोसमार्फतच मिळते. झालेली इजा त्याने भरून निघत नाही, पुढची टळते.

मूळ मोजणी आणि पहिली पायरी

काहीही बदलण्यापूर्वी एक वही घ्यावी. संगणकावर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान, वेग आणि व्होल्टेज दाखवणारा मोफत प्रोग्राम चालू ठेवून सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी लावावी आणि खोलीचे तापमान, प्रोसेसरचे सर्वाधिक तापमान, सर्व कोअरांचा (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-भागांचा) टिकलेला वेग, व्होल्टेज, एकूण वॅट आणि मिळालेले गुण लिहून ठेवावेत. पाण्याची रचना असेल तर अर्धा तास तरी भार द्यावा. पाणी हळूहळू तापते आणि पहिल्या पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो. मेमरीचा वेग वाढवणारा एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय या काळात बंद ठेवावा, म्हणजे नंतर बिघाड झाल्यास दोष कोणाचा हे ओळखता येते.

रायझन ५००० किंवा त्यापुढील प्रोसेसर असल्यास बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह हा पर्याय ‘ॲडव्हान्स्ड’ करावा. ५६००एक्सची मूळ पीपीटी, म्हणजे सॉकेटला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, ७६ वॅट आहे. ती लगेच वाढवू नये. प्रथम कर्व्ह ऑप्टिमायझर सर्व कोअरांसाठी उणे १० करून चाचणी घ्यावी, मग उणे १५, मग उणे २०. प्रत्येक एकक सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्टचे असते आणि ५००० मालिकेत सीमा उणे ३० ची आहे. बहुतेक वेळा एवढ्यानेच गुण वाढलेले आणि तापमान उतरलेले दिसते. त्यानंतर ४५ अंशांच्या हिशेबात वाव उरला असेल तरच पीपीटी पाच-पाच वॅटने वाढवावी, आणि कमाल वेगाची सूट ५० मेगाहर्ट्झने.

इंटेलच्या के-प्रोसेसरात काम अधिक थेट आहे. आय५-१२६००के चा मूळ बूस्ट ४.९ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या पायाभूत घड्याळाला ४९ चा गुणक. पायाभूत घड्याळाला हात लावू नये. सर्व मोठ्या कोअरांचा गुणक एकच ठेवून एकेक पायरी चढावी आणि व्होल्टेज १.२५ च्या आसपास सुरू करून संगणक अडखळेल तेथे ०.०१ ते ०.०२ ने वाढवावे. लहान कोअर आणि रिंग (कोअरांना जोडणारा आतला मार्ग) मूळ स्थितीत राहू द्यावेत. भार येताच व्होल्टेज थोडे खाली बसते. ते सावरणारे लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवावे, कारण सर्वांत वरच्या पातळीवर भार सुटताना व्होल्टेजची क्षणिक उसळी धोक्याची असते. रोजच्या वापरासाठी १.३५ व्होल्टच्या वर मी येथे कोणालाही जाऊ देणार नाही. विजेच्या दोन्ही मर्यादा, दीर्घ काळाची पीएल१ आणि थोड्या काळाची पीएल२, अनेक मदरबोर्ड स्वतःहून अमर्याद करून ठेवतात; त्या आपल्या कूलरला झेपतील एवढ्या हाताने भराव्यात. उन्हाळ्यात खोली कितीही तापली, तरी उष्णता या आकड्यापलीकडे जात नाही.

मदरबोर्डावर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जे वीजनियामक असतात, तेही तापतात. त्यांवर उष्णताशोषक नसलेल्या स्वस्त बोर्डावर मोठा प्रोसेसर ओढू नये. टॉवर कूलरची हवा त्यांच्यावरून थोडी तरी जाते, पाण्याच्या रचनेत तेवढीही जात नाही.

स्थिरतेची परीक्षा

सिनेबेंच पार पडला म्हणजे रचना स्थिर झाली, असे समजू नये. प्राइम९५ या भार देणाऱ्या प्रोग्रामचा स्मॉल एफएफटी हा प्रकार तासभर चालवला तर उष्णतेची टोकाची बाजू कळते. तो रोजच्या कोणत्याही कामापेक्षा अधिक तापवतो, म्हणून त्यात ९० अंश दिसले तरी घाबरू नये, मात्र तापमान मर्यादेला टेकून वेग गळत असेल तर एक पायरी मागे यावे. कर्व्ह ऑप्टिमायझरची अस्थिरता नेमकी उलट बाजूने येते. सर्व कोअर भारावर असताना वेग कमी आणि व्होल्टेज पुरेसे असते. एखादाच कोअर क्षणभर सर्वोच्च वेगावर उडी घेतो तेव्हा व्होल्टेज अपुरे पडते. त्यामुळे रात्रभर प्राइम९५ सोसणारा संगणक सकाळी वर्तमानपत्राचे पान उघडताना अचानक पुन्हा सुरू होतो. यासाठी कोअरसायक्लर हा प्रोग्राम एकेका कोअरची पाळीपाळीने परीक्षा घेतो; तो रात्री लावून झोपावे. ज्या कोअरवर चूक निघेल त्याचाच उणे आकडा पाच एककांनी शून्याकडे आणावा. बहुधा सर्वांत वेगवान कोअरच आधी हार मानतात, कारण त्यांना आधीच सर्वांत कमी व्होल्टेज नेमून दिलेले असते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या नोंदी अधूनमधून पाहाव्यात. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली पण सुधारली गेली; संगणक वरवर ठीक चालत असला तरी ती सूचना समजावी. १८ क्रमांक आला तर रचना सरळ मागे घ्यावी. संगणक सुरूच होत नसेल तर वीजतार काढून मदरबोर्डावरचा, बायोसच्या नोंदी पुसणारा सीएमओएसचा जंपर जोडावा किंवा सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवावी. बायोस मूळ स्थितीत येतो.

पंख्यांचा आलेख

प्रोसेसरचे तापमान सेकंदात दहा अंश वर-खाली होते, म्हणून पंखा प्रत्येक उडीमागे धावू लागला तर आवाजाने जीव नकोसा होतो. बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद काही सेकंदांनी लांबवण्याची सोय असते, ती वापरावी. ५५ अंशांपर्यंत ४० टक्के, ७० ला ६५ टक्के आणि ८२ ला पूर्ण वेग, असा आलेख येथे चालतो. थंड प्रदेशातील आलेख ४० अंशांपासून चढायला लागतात; ग्वाल्हेरच्या मे महिन्यात रिकामा बसलेला प्रोसेसरही ५० च्या आसपास असतो आणि असा पंखा दिवसभर घोंघावत राहतो.

एप्रिल ते जून या काळात समोरची जाळी दर आठवड्याला काढून पाहावी आणि धुवून, पूर्ण वाळवून लावावी. आतली साफसफाई गच्चीवर, ब्लोअरने, पंख्याची पाती बोटाने धरून करावी. पाती वाऱ्याने गरगर फिरू दिली तर बेअरिंग झिजते. मूळ मोजणीच्या तुलनेत खोली आणि प्रोसेसर यांच्यातील फरक पाच अंशांनी वाढलेला दिसला, तर आधी धूळ झाडावी, आणि तरीही फरक उतरला नाही तरच पेस्ट बदलावी.

बायोसमध्ये रचना साठवण्यासाठी अनेक जागा असतात. त्यांपैकी दोन भराव्यात: एक थंडीसाठी, थोड्या मोकळ्या वीजमर्यादेची, दुसरी उन्हाळ्यासाठी, पीपीटी किंवा पीएल१ दहा-पंधरा वॅटने खाली घेतलेली. होळीनंतर दुसरी लावावी आणि दिवाळीनंतर पहिलीकडे परतावे. बायोस अद्ययावत केल्यावर या साठवलेल्या रचना अनेकदा पुसल्या जातात किंवा नव्या आवृत्तीला वाचता येत नाहीत, म्हणून दोन्हींतील प्रत्येक आकडा त्याच वहीत हाताने लिहून ठेवावा आणि अद्ययावत केल्यानंतर मूळ मोजणीपासून पुन्हा सुरुवात करावी.